पांढऱ्या फळ्यावरची पक्की शाई

पांढऱ्या फळ्यावर परमनंट मार्करने लिहिलेला मजकूर बहुतेक वेळा पूर्ण निघतो. शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि कारखाने येथे हे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचा अनुभव असा की शाईमुळे फळा क्वचितच बाद होतो. बाद होतो तो शाई घालवण्याच्या घाईत केलेल्या घासाघाशीने. शाई योग्य द्रवात विरघळते, म्हणून ती काढता येते. ओरखडा कशातही विरघळत नाही. या कामातले निम्मे कसब हा फरक ध्यानात ठेवण्यात आहे आणि उरलेले निम्मे हात आवरण्यात.

असा मजकूर फळ्यावर येण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. परमनंट आणि व्हाइटबोर्ड हे दोन्ही मार्कर जाडीने, लांबीने आणि टोपणाच्या रंगाने इतके सारखे असतात की एकाच खणात ठेवले की त्यांची अदलाबदल ठरलेलीच. परीक्षेच्या सकाळी वर्गात आसनक्रमांक लिहायचे असतात. पर्यवेक्षक कार्यालयातून हाताला लागेल तो मार्कर उचलतात, आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर लिहायला ठेवलेला नेमका तोच निघतो. प्रशिक्षणासाठी बाहेरून आलेले वक्तेही स्वतःच्या पिशवीतला मार्कर काढून लिहायला लागतात. दुसरी तऱ्हा जाणूनबुजून केलेली असते. रुग्णालयाच्या वॉर्डात खाटांचे क्रमांक, किंवा कारखान्यात ‘लक्ष्य’, ‘उत्पादन’, ‘रिजेक्शन’ हे रकाने रोज नव्याने आखावे लागू नयेत म्हणून रेघा परमनंट मार्करनेच मारल्या जातात. पुढे तक्त्याचा नमुना बदलतो आणि त्याच रेघा काढायचे काम निघते. पहिल्या तऱ्हेचा डाग ताजा आणि थोडा असतो. दुसऱ्या तऱ्हेचा जुना, पुन्हा पुन्हा गिरवलेला आणि फळाभर पसरलेला.

दोन्ही शायांची घडण समजली की उपायांचा क्रम आपोआप कळतो. रंग देणारा पदार्थ, त्याला वाहून नेऊन उडून जाणारा द्रावक आणि रंगाला धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन, हे तीन घटक दोन्हींत असतात. परमनंट मार्करमधली राळ अशी निवडलेली असते की द्रावक उडाला की ती पृष्ठभागाला घट्ट धरते आणि पाण्याला दाद देत नाही. व्हाइटबोर्ड मार्करच्या शाईत चौथा, तेलकट घटक घातलेला असतो. शाई वाळताना तो थराला फळ्यावर चिकटू देत नाही. म्हणून कोरडे डस्टर फिरवले की शाईची पूड होऊन खाली पडते. अमेरिकेत सिडनी रोझेन्थाल यांनी १९५३ मध्ये ‘मॅजिक मार्कर’ आणला आणि १९६४ मध्ये ‘शार्पी’ बाजारात आला. कोरडी पुसली जाणारी शाई मात्र त्यानंतरची. टेकफॉर्म लॅबोरेटरीज या संस्थेतील जेरी वूल्फ यांच्या नावे ती १९७५ सालची मानली जाते. जुन्या परमनंट मार्करमध्ये झायलीन, टोल्यूइन असे उग्र वासाचे द्रावक असत; आता बहुतेक शायांत अल्कोहोल वर्गातले द्रावक वापरले जातात. व्हाइटबोर्ड मार्करमध्येही मुख्यतः अल्कोहोलच असते. एका शाईने दुसरी काढता येते ती यामुळेच.

शाईइतकेच महत्त्व फळ्याला आहे. बाजारात ‘व्हाइटबोर्ड’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. सर्वांत स्वस्त फळा मेलामाइनचा. रेझिनमध्ये भिजवलेला कागद दाबून बसवलेली ती पाटी असते. गावातल्या सुताराने प्लायवर चकचकीत पांढरा सनमायका चिकटवून दिलेला फळा याच जातीचा. तो नवा असताना काचेसारखा गुळगुळीत वाटतो, पण वापराने त्याची वरची झिलई झिजते आणि शाई शिरायला जागा होते. दुसरा प्रकार पत्र्यावर पांढरा रंग किंवा लाखेसारखा थर दिलेला. तिसरा आणि टिकाऊ प्रकार एनॅमलचा : पोलादी पत्र्यावर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजलेला. जुन्या इराण्याच्या हॉटेलातल्या किंवा दवाखान्यातल्या पांढऱ्या एनॅमलच्या भांड्यांवर जसा थर असतो, तसाच हा असतो. चौथा फळा काचेचा. अलीकडे कार्यालयांच्या बैठकीच्या खोल्यांत तो दिसतो. एनॅमल आणि काच यांत शाई मुरत नाही, वरच बसते. मेलामाइनमध्ये आणि रंग दिलेल्या पत्र्यात मात्र ती थोडीफार आत उतरते, आणि फळा जितका झिजलेला तितकी अधिक.

फळा कोणत्या जातीचा हे ओळखायला चुंबक पुरतो. चुंबक धरला नाही आणि फळा काचेचाही नाही, तर तो मेलामाइनचा समजावा. चुंबक धरला तर खाली पत्रा आहे. वरचा थर एनॅमलचा की रंगाचा, हे चौकटीजवळच्या कडेला किंवा एखाद्या टवक्यापाशी दिसते. एनॅमलचा टवका काचेसारखा तुटलेला असतो, रंगाचा पापुद्रा सुटलेला असतो. काचेच्या मागे लोखंडी पत्रा बसवलेला असला तरी चुंबक धरतो, पण काच तिच्या हिरवट कडेवरून लपत नाही. संशय राहिल्यास फळा नाजूक धरून चालावे आणि कोणताही द्रव आधी खालच्या कोपऱ्यात, मार्कर ठेवण्याच्या पट्टीलगत लावून पाहावा.

पहिला उपाय व्हाइटबोर्ड मार्करचाच. डाग पडलेल्या जागेवरची धूळ आधी स्वच्छ कोरड्या फडक्याने हलकेच झटकून घ्यावी, कारण धुळीतले कणच पुढे ओरखडे पाडतात. मग शाईने भरलेला, शक्यतो काळा व्हाइटबोर्ड मार्कर घेऊन परमनंट शाईच्या रेघेवरून अशी रेघ मारावी की खालची पूर्ण झाकली जाईल. नव्या शाईतला द्रावक जुनीतली राळ मऊ करतो, आणि तिच्यातला तेलकट घटक दोन्हींच्या मिश्रणाला फळ्यापासून सुटे करतो. ओली चमक गेली की लगेच सुती फडक्याने पुसावे. एकदम सगळे वाक्य झाकून मग पुसायला घेतले तर पहिली अक्षरे पार वाळून जातात. म्हणून एका वेळी एक-दोन अक्षरेच घ्यावीत. वाळत आलेला, फिकट लिहिणारा मार्कर या कामाला निरुपयोगी असतो. त्यात द्रावकच उरलेला नसतो, आणि काम शाईचा रंग करत नाही, द्रावक करतो.

जवळून पाहिले तर या पुसण्यात काय घडते ते स्पष्ट दिसते. निळ्या परमनंट मार्करने लिहिलेल्या ‘अ’वरून काळा मार्कर फिरवला की काळी रेघ क्षणभर निळसर होते आणि तिची कडा किंचित फुगते, खालची शाई वरच्या शाईत मिसळू लागल्याची ती खूण असते. फडक्यावर काळ्याबरोबर निळा पट्टा उमटतो. पहिल्या फेरीनंतर अक्षर जाते, पण जिथे हात थांबला होता किंवा रेघ वळली होती तिथे ठिपके राहतात, कारण तिथे शाई दाट साचलेली असते. दुसऱ्या फेरीत फक्त त्या ठिपक्यांवर मार्कर टेकवायचा. याच वेळी मार्करच्या टोकाला परमनंट शाई लागते. ते रद्दी कागदावर गिरवून साफ केल्याशिवाय फळ्यावर नव्याने लिहू नये. रोजचे डस्टरही या कामाला वापरू नये. त्याच्या लोकरीत पक्की शाई साठते, आणि पुढचे अनेक दिवस प्रत्येक तासाला फळ्यावर करडा धूसर पट्टा उमटत राहतो.

मार्करने भागले नाही तर स्पिरिट. औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल ताज्या आणि जुन्या बहुतेक डागांना पुरते. ते फळ्यावर शिंपडायचे नसते. भिंतीवर उभ्या असलेल्या फळ्यावरून द्रव ओघळतो, विरघळलेली शाई सोबत नेतो आणि जिथे डाग नव्हता तिथे पट्टे पाडतो. फडक्याची घडी किंवा कापसाचा बोळा भिजवून, पिळून, डागावर दहा-पंधरा सेकंद नुसता दाबून धरावा. राळ मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. मग डागाच्या बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला पुसत यावे आणि दर पुसण्याला फडक्याची नवी बाजू घ्यावी. एकाच बाजूने पुन्हा पुन्हा पुसले तर शाई फळ्यावरून निघून फडक्यावर येते आणि फडक्यावरून परत फळ्यावर जाते.

शाळांतून हे ज्ञान बहुधा मावशी आणि मामा या नावांनी हाक मारल्या जाणाऱ्या सेवकांकडे असते. लिहिणारा वेगळा आणि पुसणारा वेगळा, ही इथली रीत. तास संपायला पाच मिनिटे असताना शिक्षक हातातले डस्टर जोराने फिरवू लागतात, तेव्हा दारातून येणारा सल्ला साधारण असा असतो : “सर, कोरडं घासू नका, पसरेल. तास होऊ द्या, मी स्पिरिट आणते.” या सल्ल्यात दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. ताजी शाई पूर्ण वाळायच्या आत कोरड्या डस्टरने घासली तर तिचा पातळ थर मोठ्या जागेवर पसरतो. आणि परमनंट शाई तासाभरात फळ्यात इतकी खोल जात नाही की थांबल्याने नुकसान व्हावे. आठवडे, महिने गेले तर गोष्ट वेगळी.

२०२० नंतर जवळजवळ प्रत्येक कार्यालयात सॅनिटायझरची बाटली आली आणि तीही या कामाला उपयोगी पडू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हातांच्या सॅनिटायझरच्या दोन कृतींपैकी एकीत ८० टक्के इथेनॉल आणि दुसरीत ७५ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल असते. म्हणजे द्रावक भरपूर. पण त्यात हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीनही असते, आणि जेलच्या प्रकारात घट्ट करणारा पदार्थ. डाग जातो, मागे चिकट पापुद्रा राहतो आणि त्यावर धूळ बसते. सॅनिटायझरनंतर ओल्या फडक्याने पुसणे म्हणूनच टाळता येत नाही. डिओडरंट आणि अत्तराच्या फवाऱ्यांचेही तसेच : त्यातले अल्कोहोल काम करते, सुगंधी तेल फळ्यावर उरते.

ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि रंगाऱ्याकडचा थिनर ही पुढची पायरी. ती प्रत्येक फळ्यावर चढायची नसते. काच आणि एनॅमल यांना ॲसिटोनने काही होत नाही. रंग दिलेल्या पत्र्यावर मात्र तो शाईबरोबर फळ्याचा रंगही मऊ करतो, आणि त्या जागी कायमचा निस्तेज डाग राहतो. मेलामाइनच्या थराला तो पटकन विरघळवत नसला तरी झिजलेल्या सनमायकावर वारंवार वापरू नये. चौकटीच्या कोपऱ्यांना बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्यांवर त्याचा थेंब पडला तर त्या चिकट होऊन पांढरट पडतात, आणि फळ्यावर छापलेल्या चौकटी किंवा नावे थिनरने पुसली जातात. रॉकेल शाई थोडीफार काढते, पण इतका तेलकट थर मागे ठेवते की मार्कर त्यावर नीट उमटतच नाही. स्पर्शाने चालणाऱ्या डिजिटल फळ्यांवर मात्र यातले काहीही उत्पादकाच्या सूचना वाचल्याशिवाय लावू नये.

सर्वाधिक फळे बिघडतात ते भांड्यांची घासणी, राख, वॉशिंग पावडर, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांनी. यातल्या काहींनी डाग जातो, म्हणून ते घरगुती उपाय म्हणून सांगितले जातात. ते शाई विरघळवत नाहीत, खरवडतात. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठीच बारीक खडीसारखे कण घातलेले असतात. एनॅमल ते सहन करतो, मेलामाइन आणि रंग नाही. खरवडलेल्या जागी नुसत्या डोळ्यांना न दिसणारे चर पडतात. त्या दिवशी फळा स्वच्छ दिसतो. पुढच्या आठवड्यापासून साधी व्हाइटबोर्ड शाईसुद्धा तिथे अडकून बसते, डस्टरने जात नाही, आणि बरोबर घासलेल्या जागेच्या आकाराचा करडे ठिगळ उठून दिसते. मग ते घालवायला पुन्हा घासणी येते आणि ठिगळ मोठे होते.

घासण्याची ही ओढ जुन्या फळ्याकडून आलेली आहे. लाकडी काळा फळा घासण्यासाठीच असे. तो पाण्याने धुतला जाई, खेड्यातल्या शाळेत कोळसा आणि पाला चोळून पोरे त्याला पुन्हा काळा करत, आणि सुट्टीत त्याला नवा रंग दिला जाई. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असणेच उपयोगाचे होते, कारण खडू खरबरीत जागेवरच झिजतो आणि उमटतो. पांढऱ्या फळ्याचे गणित उलटे आहे. तो गुळगुळीत आहे म्हणूनच पुसला जातो, आणि गेलेला गुळगुळीतपणा परत आणता येत नाही. खडूवर वाढलेल्या हाताला हा बदल सहजी पचत नाही. डाग दिसला की हात आपोआप जोर लावतो.

डाग निघाल्यावर काम अर्धेच झालेले असते. स्पिरिट शाईबरोबर फळ्यावर साचलेला मार्करचा तेलकट घटकही धुऊन नेते. त्या कोरड्या पडलेल्या जागेवर लगेच लिहिले आणि मजकूर दिवसभर तसाच ठेवला, तर साधी शाईही हट्टाने बसते. म्हणून आधी साबणाचा एखादा थेंब टाकलेल्या पाण्यात फडके भिजवून, घट्ट पिळून ती जागा पुसावी. मग साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि शेवटी कोरड्याने. मेलामाइनच्या फळ्यावर पाणी ओघळू देऊ नये. ते कडेच्या फटीतून आतल्या लाकडी पाटीत शिरले की पाटी फुगते. फळा पूर्ण वाळल्यावर स्वच्छ केलेल्या जागेवर व्हाइटबोर्ड मार्कर आडवा फिरवून लगेच पुसावा. दोन-तीनदा असे केले की जागा पूर्ववत होते. खोबरेल तेल किंवा गाडीचे पॉलिश चोळून चकाकी आणणारे लोक आहेत. चार दिवस फळा झळकतो, पण शाई त्यावर धरत नाही आणि अक्षर तुटक उमटते.

कारखान्यातल्या तक्त्याच्या रेघा हे सर्वांत चिवट प्रकरण. त्यांवर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा रेघ ओढलेली असते, त्यामुळे शाईचे थरावर थर साचतात. हवेत यंत्रांच्या कूलंटचा आणि तेलाचा सूक्ष्म अंश असतो, तोही त्यावर बसतो. अशा ठिकाणी स्पिरिट थेट लावले तर ते तेलातच अडते आणि नुसता चिखल होतो. आधी साबणपाण्याने तेल काढून, फळा वाळवून मग स्पिरिटचा दाब द्यावा, आणि एका वेळी वीतभर रेघच घ्यावी. हाताशी पडलेले कॉटन वेस्ट मात्र वापरू नये. त्यात लोखंडाचा कीस अडकलेला असतो आणि त्याचा एक कण हातभर लांब चर पाडतो. धुतलेले जुने बनियन हे या कामाचे सर्वोत्तम फडके आहे. रेघा गेल्यावरही प्रकाश तिरपा पडला की त्यांची जागा कळते, कारण रेघांखालचा फळा झाकलेला राहिल्याने पांढराशुभ्र असतो आणि भोवतालचा पिवळट झालेला. तो डाग नव्हे. त्यावर स्पिरिट ओतून काही साधत नाही.

उरलेली सावली नेमकी कशाची, हे त्यामुळे ठरवावे लागते. फडक्याला रंग लागत असेल तर शाई अजून आहे आणि द्रावकाची आणखी एक फेरी उपयोगी पडेल. फडके स्वच्छ येत असूनही फळ्यावर छटा दिसत असेल तर रंग आत मुरलेला आहे. मेलामाइनवर लाल शाईची अशी गुलाबी झाक बहुधा मागे राहते. ती हळूहळू फिकटते, पण घासून जात नाही. तिसरी शक्यता चरांची : नखाने हलके चाचपले तर खरखर जाणवते. पहिल्या अवस्थेत काम करत राहावे. पुढच्या दोहोंत थांबावे.

या कामातली जोखीम वासापुरती नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेऊ शकते आणि ॲसिटोनची शून्याखालीही. महाराष्ट्रात खोलीचे तापमान बहुतेक वेळा याहून वरच असते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला असताना किंवा शेजारी चहाची शेगडी चालू असताना हे काम करू नये. औद्योगिक स्पिरिटात विषारी मिथेनॉल असू शकते, म्हणून ते हातमोजे घालूनच वापरावे आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. भिजलेली फडकी बंद कचरापेटीत न टाकता आधी उघड्यावर वाळू द्यावीत. मुले वर्गात असताना हे काम टाळणेच बरे.

काळजीचा मार्ग स्वस्त आहे. परमनंट मार्कर फळ्याच्या खोलीत ठेवूच नयेत. ते गठ्ठे आणि पाकिटे बांधली जातात त्या टेबलावर असावेत. टोपणाला लाल चिकटपट्टीचा वेढा दिला की अंधूक उजेडातही फरक कळतो. नवा मार्कर हाती आला की फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक टिंब देऊन ते पुसून पाहायची सवय शिक्षकांना लागली, तर निम्मे डाग पडतच नाहीत. कायमच्या रकान्यांसाठी बारीक कापलेली इन्सुलेशन टेप लावावी. ती हवी तेव्हा निघते, आणि मागे राहिलेला डिंक स्पिरिटच्या एका फेरीत जातो.

काही फळे मात्र या सगळ्याच्या पलीकडे गेलेले असतात. नवा व्हाइटबोर्ड मार्कर वापरून पाच मिनिटांनी पुसले तरी मजकूर राहतो, आणि हे फळ्याच्या एका भागात न होता सगळीकडे होते, तेव्हा झिलई संपलेली असते. त्यावर स्पिरिट आणि श्रम खर्चण्यापेक्षा सनमायकाचा नवा तक्ता किंवा चिकटणारी व्हाइटबोर्ड फिल्म बसवावी. फिल्म बसवण्यापूर्वी जुनी शाई स्पिरिटने पूर्ण काढून फळा वाळवणे आवश्यक असते. नाहीतर ती नीट चिकटत नाही आणि खाली हवेचे बुडबुडे राहतात.